बँकेच्या घरात पाळण्याची कडी

सगळ्यात आधी आली ती शेजारची रत्ना, चहाचा कप हातातच. "आजी, बँकेची माणसं तुमचं घर विचारत्यात की!" हिला सगळं आधी कळतं बगा.

तिच्या मागनं एक मॅडम आणि एक साहेब आले. वर खोली बांधायला पोरानं वाढीव कर्ज मागितलंय, म्हणून घर बघायला. मॅडमनी विचारलं, "आजी, कॅलेंडर खिडकीच्या गजाला का बांधलंय?"

म्हटलं, "घर गहाण हाय न्हवं? आमचे मालक सांगून गेले, कर्ज फिटंपर्यंत घर बँकेचं. मग दुसऱ्याच्या भिंतीत खिळा कसा मारायचा?"

दोघं लई हसले. "अहो आजी, घर तुमचंच आहे. आमच्याकडं नुसते कागद. विकायचं असेल तर विचारा, खिळ्याला कशाला?"

मी हळूच म्हटलं, "आणि छताला पाळण्याची कडी?" नातीचं पहिलं बाळंतपण माझ्याकडं झालं, पण पाळणा टांगायला कडी न्हाय म्हणून बारसं तिच्या सासरी, मैंदर्गीला ठरत होतं. माझा जीव तुटत होता.

साहेब वर बघून म्हणाले, "स्लॅब पक्का आहे. बिनधास्त लावा."

नात आतनं ओरडली, "आजी, सासरी फोन करू?"

"अगं कर की, वाट कुणाची बघतीस!"

बायांनो, तुमीबी अशा कशाला उगंच भिऊन बसलाय का? सांगा की.

कडी दुपारीच बसली. मॅडम आणि साहेब, दोघंबी रविवारी बारशाला येतो म्हणून गेल्यात.