चकत्यांची गाडी

माझ्या धाकट्या भावाला वजन उचलायची मनाई होती, म्हणून त्याच्या खेळाचं सामान मी उचलायचे.

त्याची बायपास नागपूरला झाली. त्याची बायको त्याआधीच गेली होती आणि एकुलती एक मुलगी परदेशात. ती त्याला बरं होईपर्यंत तिकडे घेऊन गेली. तिथे जावयाने त्याला एक खेळ शिकवला. गोल्फसारखाच, पण चेंडू नाही, काठी नाही. प्लास्टिकच्या चकत्या झाडांमधून फेकायच्या आणि कमीत कमी फेकींत ठरलेल्या जागी पोचवायच्या. तिकडे म्हणे साखळ्या लावलेल्या टोपल्या असतात. भाऊ जबलपूरला माझ्याकडे राहायला आला तो चकत्यांनी भरलेली बॅग घेऊनच. लांब जाणाऱ्या वेगळ्या, डावीकडे वळणाऱ्या वेगळ्या, जवळून टाकायच्या वेगळ्या. मला सगळ्या सारख्याच दिसायच्या.

आमचं घर दीक्षितपुऱ्यात, पहिल्या मजल्यावर. राज्यांची वाटणी झाली, नागपूर महाराष्ट्रात गेलं, आजोबा नोकरीपायी इकडे मध्य प्रदेशातच राहिले, तेव्हापासूनचं. मी एका केंद्र सरकारी ऑफिसातून निवृत्त झाले. लग्न केलं नाही. आईचं केलं, मग बाबांचं केलं, आणि आता जरा आडवं पडावं असं वाटत होतं तेव्हा हा आला. आला म्हणून वाईट वाटलं नाही. घरात दुसरा आवाज झाला. पण थकवा होता तो होताच.

सकाळी आम्ही ऑटोने कुंडमच्या रस्त्याला जायचो. तिथे मोहाची झाडं असलेलं एक पडीक रान होतं. टोपली कुठली असणार! एक झाड ठरवायचं, त्याच्या खोडाला चकती लागली की झालं, पुढचं झाड. तो फेकायचा आणि रमतगमत चालायचा. मी चकत्यांची बॅग, पाण्याच्या बाटल्या, छत्री, त्याची औषधं आणि घडीचं स्टूल घेऊन मागे. महिनाभरात माझा खांदा असा धरला की केस विंचरायला हात वर जाईना.

भावाला माझी दया आली. म्हणाला, "ताई, आपण गाडी घेऊ."

मुलीने फोनवर त्या खेळाच्या गाड्यांचे फोटो पाठवले. जाड टायर, बसायला जागा, छत्रीला दांडा, बाटलीला खोबण. तो संध्याकाळभर ते फोटो बोटांनी मोठे करकरून बघत बसला. तशी गाडी इथे मिळणार नव्हती. मग आम्ही कमानिया गेटपाशी गेलो. गर्दीत धक्के खात चार दुकानं पालथी घातली आणि प्रवासी बॅगा बांधतात तसली घडीची ट्रॉली आणली. घरातल्या फरशीवर ती लोण्यासारखी चालली. रानात तिची सुपारीएवढी चाकं पहिल्याच गवतात गुंतली. मी ती ट्रॉली, तिच्यावरच्या सामानासकट, उचलून परत आणली.

त्यानंतर त्याचं मन गॅसच्या सिलिंडरच्या गाडीवर गेलं. मी म्हटलं, तिला दांडाच नाही, मी काय ओणवी चालू? शेवटी खालच्या गल्लीतल्या एका घरच्या सुनेने तिच्या लेकराची बाबागाडी दिली. "दीदी, मुन्ना तो अब दौड़ता है, आप ले जाओ," म्हणाली. दांडा माझ्या हाताच्या उंचीचा, चाकं बऱ्यापैकी मोठी. मला वाटलं, सुटले.

मी सुटले नाही. त्याचं काम सुरू झालं.

त्याने आधी बाबागाडीचं कापडी आसन काढलं आणि तिथे फळी बसवली. एक दिवस मी भांडी घासून ताटं ठेवायला वळले तर भिंतीवरचं ताटाळं गायब. बाहेरच्या खोलीत ते तारांनी फळीला बांधलेलं होतं आणि प्रत्येक खाचेत एकेक चकती उभी.

"ताई, बघ कशा बसल्या! जशा काही मापाने केल्या."

"आणि ताटं कुठे ठेवू?"

"ठेव ना कुठंपण," तो म्हणाला. त्याचा चेहरा इतका खुलला होता की मी ओली ताटं ओट्यावर एकावर एक रचली.

मग छत्रीसाठी लोखंडी नळी आली. बाटल्यांना कड्या आल्या. मागची चाकं काढून लहान मुलांच्या सायकलची चाकं वेल्डिंगवाल्याकडून लावून घेतली. ती जराशी तिरपी बसली, त्यामुळे गाडी सारखी डावीकडे जायची आणि मला वाटभर उजवीकडे ओढत राहावं लागायचं. बसायला मागे लाकडाची पेटी, वर गादी. ऑटोवाला रोज विचारायचा, "माताजी, इसमें बच्चा किधर है?" भाऊ हसायचा. मी पैसे देऊन गाडी उतरवायचे.

आणि घरी आलं की जिना. खाली एका कापडवाल्याचं गोदाम, समोर गल्ली एवढीशी की दोन मोटरसायकली शेजारून जात नाहीत. गाडी खाली ठेवली तर चोरीला जाईल, हे भावाने ठरवून टाकलं होतं. त्याला उचलायची मनाई. तेव्हा जे वजन मी उचलू नये म्हणून गाडी केली, ते वजन आणि वर ती गाडी, असं सगळं मी रोज पायरी-पायरीने वर चढवायचे.

पावसाळा सरत आला होता. एका सकाळी रानातली काळी माती चाकांना अशी चिकटली की काठीने खरवडूनही निघेना. गाडी दुप्पट जड. घरी येऊन मी ती अर्ध्या जिन्यापर्यंत नेली. भाऊ वर दार उघडून उभा होता.

"हळू, ताई. नळी भिंतीला घासून राहिली."

मी तिथेच पायरीवर बसले. गाडी माझ्या गुडघ्यांवर टेकलेली.

"काय झालं?"

"काही नाही. मी आता हे उचलणार नाही."

"अच्छा, थोडा दम खा, मग–"

"दम खाऊन पण नाही."

मी ओरडले नव्हते. ओरडायला जी ताकद लागते ती नव्हतीच. तो दोन-तीन पायऱ्या उतरून थांबला. मी विचारलं, "डॉक्टरांनी उचलायला किती दिवस नाही म्हटलं होतं तुला?"

त्याने भिंतीला हात टेकला. मग म्हणाला, "थोडे महिने."

"वर्ष उलटून गेलं."

"माहीत आहे मला."

"मग विचारलं काहून नाहीस?"

"विचारलं आणि ते हो म्हणाले तर उचलावं लागेल ना व ताई," तो म्हणाला. त्याचा हात शर्टावरून छातीच्या मधोमध गेला. "इथून उघडलं होतं मला. रात्री कुशीवर वळलो तरी वाटतं, उसवेल."

मी त्याच्याकडे पाहिलं. आईच्या मागे लपायचा तसाच दिसत होता, फक्त केस पिकलेले. पण मला त्या घटकेला त्याचा राग आला नाही आणि दयाही आली नाही. फक्त झोप येत होती.

"माझे गुडघे कोणी उघडले नाहीत," मी म्हटलं, "म्हणून काय ते नवे आहेत?"

तो खाली आला. छत्री काढून वर नेऊन ठेवली. पुन्हा उतरून बाटल्या नेल्या. मग चकत्या, जमतील तेवढ्या कवेत घेऊन. गादी, औषधांची पिशवी. प्रत्येक खेपेला माझ्या खांद्याला हात लावून बाजूने जायचा. शेवटी मोकळी गाडी राहिली. तिच्या पुढच्या टोकाला त्याने हात घातला, डोळे घट्ट मिटले, आणि मी मागून धरून आम्ही ती वर नेली. दारात पोचल्यावर त्याने आधी स्वतःची नाडी पाहिली.

त्याच आठवड्यात मी त्याला इथल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं, कागद पाहिले आणि म्हणाले, "अरे भैया, आपको तो कब का सब चालू कर देना था. बस बहुत भारी मत उठाना." भाऊ मान खाली घालून ऐकत होता. ऑटोत बसल्यावर म्हणाला, "बाबागाडी बहुत भारीत येते काय?" मी ऑटोवाल्याला घराचा पत्ता सांगितला.

त्याने लाकडी पेटी काढून टाकली आणि नळीही. तिरपी चाकं सरळ करून आणली. मग गाडी तो ओढायला लागला आणि मी कधी जायचे, कधी नाही. जायचे त्या दिवशीही हात मोकळे असून मी मागेच पडायचे. खांदा काही पूर्वीसारखा झाला नाही, गुडघे तर नाहीतच.

थंडी सुरू झाल्यावर एकदा मी म्हटलं, आज तू एकटा जा. जिन्यावर गाडीची खडखड झाली, थांबली, पुन्हा झाली. मी पांघरुणात पडल्या पडल्या ऐकत होते. उठून बघावं असं एकदा वाटलं. पाय खाली टाकलेसुद्धा. मग परत आत घेतले.

जाग आली तेव्हा ऊन पलंगापर्यंत आलं होतं आणि तो खुर्चीत बसून चहात टोस्ट बुडवत होता.

"कधी आलास?"

"झाला वेळ. तू झोपून राहिली होतीस, उठवलं नाही." टोस्ट खाऊन झाल्यावर म्हणाला, "एक चकती मोहाच्या झाडावर अडकली. दगड मारून पाहिले, पडली नाही. सोडून आलो."

"बरं केलंस," मी म्हटलं आणि भिंतीकडे कूस वळवली.