मोहाच्या पानाचा ठसा

आमच्या प्रयोगशाळेत भिंतीवर एक घड्याळ होतं, टेबलावर घंटा वाजवणारं दुसरं होतं, आणि वडिवक्का दोन्हींना हिंग लावूनही विचारत नसे. पानं धुताना ती ओठातल्या ओठात आपल्या गल्लीतली घरं मोजायची. तळ्यापासून सुरुवात. एसक्की, पेच्चियम्मा, सोरिमुत्तू शिंपी, कुरुवम्मा, असं करत देवळाशी पोचली की दीड मिनिट पुरं. मग पान ब्लीचमधून बाहेर.

आमचा सगळा धंदा त्या दीड मिनिटावर. निरोगी, हिरव्यागार पानाच्या पोटात बुरशा राहतात, पानाला काडीचा त्रास न देता, आणि त्यातल्या कितीतरी अजून कुणी पाहिलेल्याही नाहीत. त्या शोधायच्या, तर पानाला बाहेरून चिकटलेलं सगळं आधी मारावं लागतं. वेळ कमी पडला तर बाहेरचीच बुरशी उगवते आणि आपण तिला आतली समजून नाचत बसतो. जास्त झाला तर आतलीही मरते. एकदा मी अक्काला म्हटलं, सोरिमुत्तू शिंपी तर गेल्या वर्षीच वारला, त्याचं नाव अजून कशाला?

"वारला म्हणून वगळू होय?" ती म्हणाली. "वेळ कमी पडेल."

पाळैयंकोट्टैच्या आमच्या कॉलेजात ती तीस वर्षं मदतनीस होती, शिक्षण पाचवी. मी कयलविळी, तिथली पीएच.डी.ची विद्यार्थिनी, म्हणजे अक्कल बेताची आणि तोरा कुलगुरूंचा. ती मला लाडाने कण्णू म्हणायची आणि आपल्या डब्यातली नारळाच्या दुधातली सोदी माझ्या भातावर ओतून मोकळी व्हायची. आम्ही जेवायचो ते मागच्या फाटकापाशी, जुन्या मोहाच्या झाडाखाली.

एक दिवस रस्ता रुंद करायचा म्हणून तो मोह तोडायला माणसं आली. माझे मार्गदर्शक ज्ञानमुत्तू सर म्हणाले, निदान पानं तरी घ्या. मी धावत जाऊन ओंजळभर पानं आणली, अक्काने ती धुतली. धुऊन झालं की एक पान बशीतल्या अगरवर, म्हणजे बुरशी वाढवायच्या जेलीवर, दाबून ठसा घ्यायचा असतो. चौदा दिवसांत त्या ठशात काही उगवलं नाही तर धुणं चोख. उगवलं तर ती सगळी खेप कचऱ्यात. पण मला गावची बस गाठायची होती. राहू द्या तो ठसा, म्हटलं, एक दिवस नाही घेतला तर काय आभाळ कोसळतंय? वहीत ठशापुढे मीच फुली मारली आणि निघाले.

तीन आठवड्यांनी बश्या टाकून द्यायची आमची पद्धत. मोहाच्या पानांचे तुकडे ठेवलेल्या बश्या टाकायला अक्काचा हात धजला नाही, आणि पाचव्या आठवड्यात एका तुकड्यातून राखाडी बुरशी वर आली. पुढे तिने बीजाणू धरले, तेही कुठल्याच पुस्तकात न बसणारे. डीएनए तपासला, तो कुणाशी जुळेना. नवी जात होती, आणि माझा अख्खा प्रबंध तिच्यावर उभा राहिला.

मग परीक्षकांचं पत्र आलं. त्यात एकच प्रश्न होता: ही बुरशी पानाच्या आतलीच कशावरून? ठसा कुठे आहे? झाड राहिलं नव्हतं. आसपासच्या दुसऱ्या मोहांची पानं धुऊन पाहिली, त्यांत ती बुरशी सापडली नाही. एका बसपायी माझी चार वर्षं पाण्यात. ठसा घेतला होता पण हरवला, असं खोटं लिहून द्यावं हेही मनात येऊन गेलं. लपवत नाही.

शेवटी अक्काला सांगितलं. ती आपल्या कपाटाकडे गेली आणि मिठाईच्या जुन्या डब्यातून एक पाकीट काढून आणलं. आत वाळून कागदासारखा झालेला अगर होता. त्यावर मोहाच्या पानाची शीर न् शीर उमटलेली, आणि दुसरं काही म्हणजे काही उगवलेलं नाही. पाकिटावर ठसा घेतल्याची तारीख, खाली चौदाव्या दिवसाची, आणि तिच्यापुढे सरांची सही. सर दिवसाला पन्नास बश्या पाहून सह्या ठोकायचे, त्यांच्या हे ध्यानात राहणं शक्यच नव्हतं.

"तुला न विचारता घेतला," ती म्हणाली. "तुझ्या पुराव्याबिराव्यासाठी नाही गं, कण्णू. अठ्ठावीस वर्षं त्याच्या सावलीत जेवले. म्हटलं, त्याचं एवढं तरी आपल्यापाशी राहू दे."

मी तिच्या गळ्यात पडून ढसाढसा रडले. ठसा मान्य झाला. नव्या जातीला मी वडिवक्काचं नाव दिलं. त्यावरून तिने मला फैलावर घेतलं: जगात एवढी फुलझाडं-पाखरं असताना माझं नाव चिकटवायला तुला बुरशीच सापडली का? आणि मग ते नाव छापलेला कागद कमरेच्या पिशवीत घालून गल्लीभर दाखवत फिरली.

पोंगलनंतर आठच दिवसांत ती गेली, त्याला आता दोन वर्षं झाली. विद्यार्थ्यांना मी घड्याळ लावायला सांगते आणि ठसा घेतल्याशिवाय कुणालाही बस पकडू देत नाही. माझ्या हातात पान असलं की मात्र मी तळ्यापासूनच निघते. एसक्की, पेच्चियम्मा, सोरिमुत्तू शिंपी, कुरुवम्मा. देवळाच्या अलीकडचं घर तिचं. तिथे ती स्वतःचं नाव न घेता नुसतं "आमचं" म्हणायची. मी वडिवक्का म्हणते, आणि मग पान बाहेर काढते.