राजीनामा म्हणजे सुटका ना, साहेब?

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की घास गोड लागत नाही. नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. सीमेलगतच्या हिंदी राज्यात, सौंसर-पांढुर्णा पट्ट्यातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. इथं माणसं घरात मराठी बोलतात आणि ठाण्यातला कागद हिंदीत असतो. मी इथलाच, मला दोन्ही भाषा येतात. त्यामुळे 'मला समजलंच नाही' ही सबब मला नाही.

नवीन फौजदारी संहिता नुकत्याच लागू झाल्या होत्या. नवऱ्याच्या छळाचं जुनं कलम ४९८-अ आता ८५ झालं होतं. अशा मधल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत वरिष्ठांच्या परवानगीनं चौदा दिवस प्राथमिक चौकशी करायची मुभा मिळाली होती. आम्ही तिचा सोयीचा अर्थ लावला: नवरा-बायकोचं प्रकरण आलं की मिटवा. एकदा गुन्हा दाखल झाला की ठाण्यात तडजोड चालत नाही. म्हणून ती आधीच लिहून घ्यायची. ही लबाडी जुन्या कायद्यातही होती, नव्यात तिला फक्त चौदा दिवसांचं निमित्त मिळालं.

सकाळची हजेरी आटोपली तेव्हा ती आली. तिशीच्या आतली, माहेर सीमेपलीकडे नरखेडकडचं, शाळा मराठी. गळ्याला ओढणी घट्ट गुंडाळलेली.

"नवऱ्यानं गळा दाबला जी. दोनदा."

"काहून दाबला?"

"मी माहेरी जातो म्हटलं म्हणून."

ओढणी काढायला सांगून तिला महिला शिपायासोबत दवाखान्यात तपासणीला पाठवायला हवं होतं. गळ्याला हात घालणारा नवरा पुढे काय करतो, हे इतक्या वर्षांच्या नोकरीत मला पुरतं माहीत होतं. पण सावरगावच्या गोटमारीचा, म्हणजे दगडफेकीच्या जत्रेचा बंदोबस्त तोंडावर आलेला, निम्मे शिपाई तिकडे जाणार होते. मला टेबल मोकळं हवं होतं. नवऱ्याला बोलावलं. संत्र्याच्या पेट्या वाहणारी पिकअप चालवायचा तो. हात जोडून बसला. मुंशीनं, म्हणजे आमच्या लेखनिकानं, कागद तयार करून तिच्यापुढे सरकवला. वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: राजीनामा.

तिचा चेहरा एकदम मोकळा झाला.

"राजीनामा म्हणजे सुटका ना, साहेब? माह्या मायनं अंगणवाडीचा देल्ला होता. मंग तिले कोणी बलावलं नाही."

मराठीत राजीनामा म्हणजे काम सोडणं. आमच्या ठाण्याच्या हिंदीत राजीनामा म्हणजे आपसात मिटलं, कारवाई नको. ती काय समजून राहिली, हे मला त्याच क्षणी कळलं. मुंशी गालातल्या गालात हसला. आणि मी, या पांढऱ्या केसांच्या माणसानं, म्हटलं, "हो बाई, सुटलं सगळं. कर सही."

तिनं वळणदार अक्षरात सही केली आणि पिशवी उचलली. "नरखेडची गाडी इथंच भेटंल ना जी?"

मी बाहेरच्या पिकअपकडे बोट दाखवलं. "त्याच्यासोबत जा. लिहून देल्लं ना तू?"

तिनं एकदा कागदाकडे, एकदा पिकअपकडे बघितलं. मग जाऊन गाडीत बसली.

बाराव्या दिवशी दुपारी तिच्या जावेचा फोन आला. "साहेब, भावजी सांगून राहिले का मोरीत पडली. नाही पडली जी ते. माहं नाव नका घेऊ."

दवाखान्यात ती जिवंत होती. गळा काळानिळा, आवाज गेलेला. आता कलम मोठं लागलं, जिवे मारण्याच्या प्रयत्नाचं. मोठ्या कलमामुळे न्यायवैद्यक पथक आलं, जागेचं चित्रीकरण झालं. नव्या कायद्यानं दिलेलं सगळं तिला मिळालं, फक्त त्यासाठी आधी मरणाच्या दारात जावं लागलं.

नवरा चौकशीत दोन तास हलला नाही. मोरीत पडली, मोरीत पडली. शेवटी त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. "आमचं कायचंच भांडण नाही. तुमच्याच ठाण्याचा शिक्का हाय ना, साहेब?" भर चौकशीत कुणी थोबाडीत द्यावी तसं झालं मला.

डॉक्टरांच्या परवानगीनं मी तिला कोरा कागद आणि पेन दिलं. तिनं लिहिलं, 'दुपट्ट्यानं आवळलं. दुपट्टा गाडीच्या सीटखाली आहे.' तो तिथंच सापडला आणि नवरा मोडला. पण कागदावर खाली आणखी एक ओळ होती: 'मी राजीनामा दिला होता. तरी मला परत का पाठवलं?'

न्यायालयात त्या ओळीचं हिंदी झालं, तेव्हा राजीनामा हा शब्द तसाच राहिला. म्हणजे बाईनं स्वतःच समझोता कबूल केला! तिचीच ओळ तिच्यावर उलटली. बचावाच्या वकिलानं मला विचारलं, "पढ़कर दस्तख़त किए थे?" मी म्हटलं, "जी, पढ़कर." समजून सही केली का, हे त्यानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. नुकताच निवृत्त झालो होतो, पेन्शन अडकेल ही भीती होती. लाज वाटते, पण खरं हेच आहे. आधीचं प्रकरण मिटलेलं, तपासणीचा कागद नाही, म्हणून नंतरचं अचानक पेटलेलं भांडण ठरलं. जिवे मारण्याचा प्रयत्न सिद्ध झाला नाही. क्रौर्य आणि दुखापतीसाठी नवऱ्याला तीन वर्षांची शिक्षा झाली.

नव्या पोरांना मी आता एकच सांगतो. बाईचं म्हणणं तिच्याच शब्दांत लिहा आणि त्या शब्दाचा अर्थ तिलाच विचारा. गळ्याला हात लागला असेल तर तडजोडीचा कागद काढूच नका. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती, म्हणून तर जास्त लागतं.

मागच्या महिन्यात सौंसरच्या बाजारात ती दिसली. संत्री निवडत होती. मी जवळ जाऊन म्हटलं, "बाई, माझं चुकलं."

तिनं वर पाहिलं. आवाज अजून घोगराच आहे. "नोकरी सोडली काय, साहेब?"

"नाही, रिटायर झालो."

"बरं झालं जी, राजीनामा नाही देल्ला," ती म्हणाली. "तुमच्या इथं राजीनामा देल्ला का मानसाले परत धाडतेत."