होडीला चाकं लागतात तिथे

हर्णैहून निघालो तेव्हा बंदरावर शेजाऱ्याने विचारलं, "कुठे, वेरूळ-अजिंठा?"

"नाही. होडीला टायर घ्यायला."

तो पोट धरून हसला. घरापुढे समुद्र असलेल्या माणसाने होडीसाठी छत्रपती संभाजीनगर गाठावं, आणि तेही टायरसाठी, हे ऐकून मीही हसलोच असतो.

त्याचं असं झालं. माझी एक जुनी, दोन माणसांची वल्ह्याची होडी मी माझ्या साडूंना, दिगंबररावांना, दिली होती. आमच्या बायका सख्ख्या बहिणी. दिगंबररावांचं गाव गोदाकाठी. जायकवाडीचं धरण झालं, नाथसागर भरला आणि ते गाव पाण्याखाली गेलं. तेव्हा ते शाळेत होते. निवृत्त झाल्यापासून त्यांना एकच ध्यास लागला होता, एकदा आपल्या गावावर जाऊन यायचं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तिथल्या देवळाच्या शिखराचं टोक वर येतं आणि पावसाळ्यात पुन्हा बुडतं. दिगंबररावांना वल्हवता येत नाही, पोहताही येत नाही. म्हणून मे महिन्यात, ऐन उन्हात, मी निघालो.

बीड बायपासजवळच्या त्यांच्या अंगणात माझी होडी दोन चाकांच्या ट्रेलरवर ऐटीत बसली होती. किनाऱ्यावर चिखलात लोळणारी माझी होडी इथे चक्क नवरीसारखी जपलेली! ट्रेलरच्या टायरांवरची नक्षी कोरीच दिसत होती. म्हटलं, "हे कशाला बदलायचे?"

"नक्षी झिजायला गाडी पळाय पाहिजे, पाव्हणं," दिगंबरराव म्हणाले. "ही वरीसभर उन्हात हुबी. ही चालून नाय, बसून म्हातारी झालीत." त्यांनी कडेला अंगठा दाबला, तर रबराला बारीक भेगाच भेगा.

मोंढा नाक्याकडच्या एका दुकानात गेलो. पांढऱ्या दाढीच्या चाचांनी कारचे टायर पुढे केले. "ये लेओ, एकदम मुलायम चलेगा."

"होडीची काय पाठ दुखती का?" दिगंबरराव म्हणाले. "मऊ नको. माल वाहणाऱ्या टेम्पोचं दाखवा, कडेनं टणक."

मग त्यांनी चष्मा चढवला आणि प्रत्येक टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचायला सुरुवात केली. त्यात टायर कुठल्या वर्षी, कुठल्या आठवड्यात बनला ते असतं, हे मला तिथे कळलं. दुकानात नुसते पडून राहिलेले टायर ते बाजूला सारत गेले. शेवटी चाचा वैतागले. "मियाँ, टायर ले रहे या दामाद देख रहे?"

"जावई चुकला तर पंचायत तरी बसती, चाचा. रस्त्यात टायर बसलं तर कोण येतंय?"

चाचा खदखदून हसले आणि आतून ताजा माल काढून आणला. दोन चाकांना दोन आणि स्टेपनीला तिसरा, तिन्ही एकाच जातीचे. त्या आनंदात दिगंबररावांनी मला शहरात नान-खलिया (मसालेदार मटणाचा रस्सा आणि मऊ नान) खाऊ घातला. माशांवर वाढलेला मी, पण बोटं चाटत उठलो.

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यांनी टायरांत हवा भरली, कडेवर लिहिली होती तेवढी पुरेपूर. "चाक गार असतानाच मोजायची. ऊन चढलं की हवा खोटं बोलती," ते म्हणाले. त्यांच्या जीपमागे होडी जोडून आम्ही पैठण रस्त्याला लागलो. समोरून येणारा प्रत्येक जण मान वळवून बघत होता. दुष्काळी मुलखात होडी चालली तर कोण बघणार नाही?

बिडकीनला चहाला थांबलो, तर दिगंबरराव आधी चाकांकडे गेले आणि तापकरी पोराचं कपाळ बघावं तसा प्रत्येक तुंब्यावर (चाकाच्या मधल्या भागावर) तळहात ठेवला. डावा जास्त तापला होता. तिथेच त्यांनी टोपण काढून नवं वंगण भरलं. माझा चहा संपला, दुसराही संपला. मी चिडवलं, "दवाखान्यात भरती करायचं का त्याला?"

"पाण्यात जायाच्या आधी बरा झाला म्हंजी झालं."

काठावर पोहोचलो तेव्हा डोळे दिपले. मैलोन् मैल पाणी, आणि ओसरलेल्या पाण्याच्या कडेला गाळपेऱ्यात (उघड्या पडलेल्या गाळातल्या शेतात) टरबुजांचे वेल. मासेमार भोयांच्या होड्या लागतात त्या उतारावरून, त्यांना विचारूनच, आम्ही खाली गेलो. दूर पाण्यात करंगळीएवढं काळं टोक दिसत होतं. तेच शिखर.

आणि इथे आमचं वाजलं. पश्चिमेकडून वारा उठायला लागला होता. वारा मला कळतो. मी म्हटलं, "ट्रेलर मागे घ्या, सोडू या. उशीर केलात तर आज जाणं नाही."

"चाकं तापलीत. गार होऊ द्या."

"अहो, वारा थांबणार आहे का तुमच्या चाकांसाठी?"

"तापल्या बैलाला कुणी लगेच पाणी दाखवतं का?" ते शांतपणे म्हणाले. "गरम तुंबा पाण्यात गेला की पाणी आत वढून घेतो. मग गंज, मग परतताना चाक बसणार."

माझा आवाज चढला. "परतायचं नंतर बघू! आधी जायचंय ना तुम्हाला?"

दिगंबरराव ट्रेलरच्या सावलीत बसले. चाकावर हात ठेवून म्हणाले, "गाव सोडलं तव्हा आमच्या गाडीचं चाक चिखलात मोडलं. मागं पाणी चढत हुतं. आईचं जातं दारातच टाकून निघालो. बाप म्हणला, उद्या येऊन नेऊ. तो उद्या आला नाय. पाव्हणं, मला नुसतं जायचं नाय. जाऊन परत यायचंय."

मी वल्हं खाली ठेवलं. त्यांच्या शेजारी बसून टरबूज खाल्लं आणि वाऱ्याकडे बघत राहिलो. त्यांनी पुन्हा हात लावून बघितला, मान हलवली आणि ट्रेलर पाण्यात घेतला.

वारा तोंडावर होता. खांदे भरून आले, लाटा आत उडत होत्या. दिगंबरराव दोन्ही कडा घट्ट धरून बसले होते, भ्यालेले, पण नजर शिखरावरून ढळली नाही. शिखर मागे टाकलं तसे ते बोलायला लागले. "मावळतीलाच घ्या. चढावर वरची आळी. हितं चिंच. हितं आमचं दार."

पाणी गढूळ होतं, काहीच दिसेना. मी होडी थोपवायला वल्हं सरळ खाली रोवलं. खट्! खाली दगड होता.

दिगंबरराव दचकले. मग हळूच म्हणाले, "पुन्हा वाजवा."

मी पुन्हा वाजवलं. जोत्याचा दगड, उंबरा की जातं, कोण सांगणार? त्यांनी वल्ह्यावर माझ्या हाताशेजारी हात ठेवला, स्वतः एकदा वाजवलं आणि लहान पोरासारखे रडले. माझेही डोळे भरून आले.

वारा पाठीवर घेऊन परतलो. ट्रेलर एका दमात वर आला आणि चाकं घरापर्यंत कुरकुरली नाहीत. अंगणात त्यांनी ट्रेलरचा आस ठोकळ्यांवर घेऊन चाकं अधांतरी केली, गाळ धुतला आणि टायरांवर गोणपाट पांघरलं. मी या वेळी चिडवलं नाही, ठोकळे आणून दिले.

हर्णैला उतरलो तेव्हा शेजारी बंदरावरच होता. "काय रे, लावलीस होडीला चाकं?" आमच्या साऱ्या होड्या वाळूवर होत्या तशाच पडल्या होत्या, आणि मागे घरांत दिवे लागत होते. मी त्याला म्हटलं, "आपल्या होड्यांना चाकं लागत नाहीत, कारण आपलं गाव अजून जागेवर आहे."