फिनलंडचं खरं कारण

फिनलंडला का जाताय, असं विचारणाऱ्यांसाठी मी तीन-चार उत्तरं तयार ठेवली आहेत. तिथे वर्षाला पाच आठवडे सुट्टी मिळते आणि ती घेतली म्हणून मॅनेजर तोंड वाकडं करत नाही. मुलगी शाळेत एकटी चालत जाऊ शकेल. घरापासून दहा मिनिटांवर जंगल आहे. ही सगळी कारणं खरी आहेत, पण त्यातल्या एकासाठीही मी अमेरिकेतलं, अ‍ॅशबर्नमधलं बारा वर्षांचं बिऱ्हाड हलवलं नसतं. मी तेवढा उत्साही माणूस नाही.

मागच्या रविवारी वंदनेनंतर एका काकांनी मला जिन्यापाशी गाठलं. इथल्या आमच्या लोकांची महिन्यातून एकदा कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये बुद्धवंदना असते आणि नंतर जेवण. काकांच्या हातात वरणभाताची प्लेट होती.

"अरे, सहा महिने अंधार असतो तिथे! टॅक्स बघितलास का? आणि ग्रीन कार्डच्या लाइनीत बारा वर्षं उभा राहिलास, आता लाइन सोडून चाललास? वेडाबिडा झालास काय?"

"तिथे वर्क-लाइफ बॅलन्स चांगला आहे, काका."

"बॅलन्स!" असं म्हणून ते लोणचं शोधायला निघून गेले. त्यांचं काही चुकलं नाही. असल्या उत्तरावर मीही लोणचंच शोधलं असतं.

खरं कारण सांगायचं तर आधी स्टॅम्पिंग सांगावं लागतं. आमच्यासारख्यांना इथे राहायची आणि काम करायची परवानगी कागदावर मिळते. पण एकदा देशाबाहेर पडलं की परत आत येण्यासाठी पासपोर्टवर व्हिसाचा ताजा शिक्का लागतो, आणि तो मिळवायला भारतात वकिलातीत मुलाखत द्यावी लागते. माझा जुना शिक्का कधीच संपला होता. मुलाखतीच्या तारखा कित्येक महिने पुढच्या. म्हणजे जायला कुणाची ना नव्हती, पण परत कधी येता येईल ते कुणी सांगू शकत नव्हतं, आणि तोवर नोकरी, घर, मुलीची शाळा सगळंच टांगणीला. म्हणून आमच्यातले बरेच जण जातच नाहीत. लग्नं, बारशी फोनवर बघतात आणि 'पुढच्या वर्षी नक्की' म्हणतात.

दोन वर्षांपूर्वी आई नागपूरला दवाखान्यात भरती झाली, तेव्हा मी बहिणीलाही तेच सांगितलं. "तारीख भेटली की निघतो." रोज सकाळी चहाच्या आधी मी मुलाखतीच्या तारखांची वेबसाइट उघडायचो आणि बंद करायचो. मला कुणी अडवलं नव्हतं. तिकीट काढून त्याच दिवशी विमानात बसता आलं असतं. मी घाबरलो होतो, दुसरं काही नाही.

पंधराव्या दिवशी बहिणीचा मेसेज आला की डॉक्टर म्हणतात, बोलून घ्या. आयसीयूत संध्याकाळी पाच मिनिटं आत सोडायचे. तेव्हा इथे सकाळ असते. मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीतच बसून राहिलो. साधा व्हिडिओ कॉल सारखा तुटत होता, म्हणून मीटिंगसाठी वापरतो तसली लिंक बहिणीला पाठवली होती. तिने फोन आईच्या कानाशी धरला. मी डोळे मिटले आणि बोलायला लागलो.

आईने अंगणवाडीत नोकरी करून मला इंजिनिअर केलं, हे मी तिला कधी तोंडाने म्हटलं नव्हतं. ते म्हटलं. आलो नाही म्हणून माफी मागितली. येतोच, असंही म्हटलं. शेवटी त्रिशरण म्हटलं, तिने लहानपणी शिकवलं होतं त्याच चालीत.

डोळे उघडले तेव्हा स्क्रीनवर बहिणीचा चेहरा होता. "दादा, काहून काहीच बोलला नाहीस रे?"

खाली माइकच्या चित्रावर लाल रेघ होती. मीटिंग सुरू झाली की आधी म्यूट करायचं, आपल्या आवाजाचा कुणाला त्रास नको, ही आमची सवय. बोट आपोआप तिथे जातं. आईला भेटायला गेलो तरी ते तिथेच गेलं होतं. मी घाईघाईने म्यूट काढला, तोवर नर्सने बहिणीला बाहेर आणलं होतं. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत आई गेली.

आणि त्या कॉलच्याच सकाळी, बहिणीने फोन ठेवल्यावर अर्ध्या तासाने, मी रोजच्या मीटिंगला होतो. माझं काम कुठवर आलंय ते मी सांगितलं आणि ते सगळ्यांना नीट ऐकू गेलं.

पुढे काही महिन्यांनी आमच्या कंपनीच्या फिनलंडमधल्या, टाम्पेरे शहरातल्या ऑफिसात जागा निघाली. मग मी आमच्या धंद्यातला माणूस करतो तेच केलं, एक्सेल शीट उघडली. एका बाजूला अमेरिका, एका बाजूला फिनलंड. हवामान, भाषा, शाळा, सुट्ट्या, प्रत्येकाला मार्क. आकडे कितीही इकडचे तिकडे केले तरी अमेरिका थोडक्यात जिंकायची आणि माझा जीव भांड्यात पडायचा. मुलीला विचारलं तर ती म्हणाली, "डू दे हॅव अ लायब्ररी?" आणि परत पुस्तकात शिरली. बायको मात्र माझ्या मागे उभी राहून बराच वेळ ती शीट वाचत होती.

"यात नागपूर कुठे आहे?" तिने विचारलं.

नागपूर कुठेच नव्हतं. एकही ओळ नव्हती. मला तोंडात मारल्यासारखं झालं, कारण ती शीट मी आई गेल्यावर केली होती, आई विसरून. मी लॅपटॉप मिटला आणि दुसऱ्या दिवशी होकार कळवला. फिनलंडचं राहण्याचं कार्ड खिशात असलं की मनात येईल तेव्हा बाहेर पडता येतं आणि परतही येता येतं, एवढं मात्र तीनदा वाचून खात्री केली.

बाबा शाळेतून निवृत्त झालेत आणि आता नागपूरला एकटे असतात. त्यांना सांगायचं मी टाळत होतो. इतके दिवस मुलगा अमेरिकेत म्हणून मिरवलेला माणूस, त्याला वाईट वाटेल असं उगाच वाटत होतं. काल व्हिडिओ कॉल लावला आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं. थंडीचं विचारलं नाही, पगाराचंही नाही.

मग म्हणाले, "तिथून इकडे यायले कोणाले विचारा लागते का?"

मी उत्तर देणार होतो, पण थांबलो. आधी स्क्रीनच्या खाली पाहिलं. माइक चालू होता.

"नाही बाबा. कोणालेच नाही. ऐकू आलं का?"

"आलं," बाबा म्हणाले. "आलं रे."