बहिरा पाहुणा चाकणला

पुण्याहून लोणावळ्याच्या गाडीत मी आणि माझे मामा चढलो. चिंचवडला मामांचे घर. तिथून त्यांच्या बैलगाडीने चाकणला जायचे आणि माझ्यासाठी मुलगी बघायची, असा बेत होता. बाराव्या वर्षी विषमज्वरात माझे दोन्ही कान गेले. वाईच्या छापखान्यात मी खिळे (छपाईची अक्षरे) जुळवतो, समोरच्याच्या ओठांवरून त्याचे बोलणे ओळखतो आणि जे ओळखता येत नाही ते सरळ विचारतो. याआधीची स्थळे कानांवरूनच मोडली होती. म्हणून बोलणी मामांनी करायची, मी गप्प बसायचे, असे घरून बजावले होते.

पिंपरीला गाडी थांबली. पलीकडे लांबच लांब बराकी दिसल्या. फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबे इथे राहतात, एवढे वाचून माहीत होते. दारादारांत पापड वाळत घातले होते. नीट बघावे म्हणून फलाटावर उतरलो आणि पुढे गेलो. शिट्टी झाली असणार. वळून पाहतो तो गाडी हललेली आणि मामा खिडकीतून अर्धे बाहेर! त्यांचे ओठ स्वच्छ वाचता आले: "थेट चाकणला ये!" त्याआधीचा शब्दही वाचता आला, तो इथे लिहीत नाही.

बाजारात एका मिठाईच्या दुकानाशी गेलो आणि माझे नेहमीचे वाक्य म्हटले, "मला ऐकू येत नाही. माझ्याकडे बघून बोला." दुकानदार म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी आधी भाजलेला पापड आणि पाणी पुढे ठेवले (सिंधी घरांत आल्यागेल्याचे स्वागत असेच करतात). मग बोलू लागले. पण त्यांची हिंदी माझ्या डोळ्यांना नवी, एक शब्द हाती लागेना. ते हसले, फळीवर मैदा पसरला आणि बोटाने रस्ता काढून दाखवला. हे पिंपरी, हे भोसरी, ही नदी, हे चाकण.

"आणि तुमचं गाव?" मी विचारले.

त्यांनी बोट फळीच्या कडेपर्यंत नेले आणि कडेवरून खाली सोडले. मग मला आणखी एक पापड दिला.

भोसरीपर्यंत विटांच्या ट्रकमधून गेलो, पुढे एस.टी. मिळाली. वाटेत माळावर कुठे नव्या बांधकामाचे पाये खणलेले, तर कुठे काढलेल्या कांद्याच्या राशी. इंद्रायणीच्या पुलावर गाडीचा खडखडाट बाकातून पाठीच्या कण्यात चढला. मी रस्ता असाच ऐकतो.

चाकणला मुलीचे वडील, आबा, ओसरीवर बसले होते. त्यांच्या झुपकेदार मिशांत ओठ दिसतच नव्हते. मी तसे सांगितले, तसे ते गोंधळले. चहा घेऊन आलेली मुलगी, शालन, तिथेच समोर बसली.

"आबा काय म्हनत्यात ते मी सांगते. नोकरी टिकंल का, असं इचारत्यात."

"छापखान्यात यंत्रांचा फार गोंगाट असतो. त्याचा मला सोडून सगळ्यांना त्रास होतो."

ती हसली. पलीकडे कांदे निवडत बसलेली तिची आत्या शेजारणीला मोकळेपणाने सांगत होती, "दिसाया बरा हाय. पर भिंतीसंगं संसार करायचा म्हंजी..."

"आत्याबाई, भिंत उलट बोलत नाही," मी म्हटले, "मी बोलतो."

आत्याबाईंच्या हातातला कांदा घरंगळत गेला. शालन या वेळी हसली नाही.

"तुमाला राग न्हाई आला?"

"आला. पण राग धरून बसलो की समोरच्याच्या ओठांकडे लक्ष राहत नाही. मग पुढचं वाक्य हुकतं."

तिने चहाची कपबशी माझ्याकडे सरकवली. "मला गानी लई आवडत्यात. दळताना, निवडताना सारखी म्हनते. तुमाला कायबी ऐकू यायचं न्हाई. मग?"

हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. मी खरे तेच सांगितले. "नाही येणार. लहानपणची, आईची गाणी आठवतात. त्यापुढचं एकही नाही. तुम्ही म्हणताना मला समोर बसू दिलंत, तर शब्द तेवढे कळतील."

शालनने आबांकडे पाहिले. मग माझ्याकडे तोंड करून सावकाश एक ओवी म्हणाली. बाजाराला गेलेल्या भावाची होती. दुसऱ्या ओळीतला एक शब्द हुकला. मी विचारला. तिने पुन्हा सांगितला.

संध्याकाळी मामा धुळीने माखून पोचले आणि बसल्याबसल्या बोलणी सुरू करायच्या तयारीला लागले. तेव्हा आत्याबाई मुद्दाम माझ्यासमोर येऊन, एकेक शब्द तोडून म्हणाल्या, "बोलनी झाली. आता जेवा." पिठलं-भाकरी वाढायला शालनच होती.

सकाळी तळवड्यावरून बैलगाडीने चिंचवडला निघालो. मामा गाडी हाकत, पाठमोरे, वाटभर बोलत होते. मला काहीच कळले नाही. मी निवडुंगाची कुंपणे आणि मोटेवरचे बैल बघत होतो. लोक विचारतात, एवढे आनंदात कसे राहता? मी रोज आनंदात नसतो. पण पुढे काय दिसेल, कोण काय म्हणेल, याची उत्सुकता मला स्वस्थ दुःख करू देत नाही.

स्टेशनवर मामांना समोर उभे केले आणि विचारले, "तिचा आवाज कसा आहे हो?"

मामांनी विचार केला. "जाडा आहे जरा."

वाईपर्यंत तो जाडा आवाज मनात तयार करत बसलो. आता लग्नालाही दोन वर्षे होतील. शालन गाते, मी समोर बसतो, आणि तो आवाज अजून रोज थोडा बदलतो आहे.