झोफ्का गेली, मुंग्या राहिल्या

१२ नोव्हेंबर १९८७, गुरुवार. सकाळी धुकं, खाणीचा धूर खालीच बसलेला. पावाच्या दुकानात रांग. दुपारी ओपावा गावचा एक साप पाळणारा माणूस आला आणि व्रबेल यांची झोफ्का घेऊन गेला.

झोफ्का म्हणजे अजगराच्या जातीची मादी, माझ्या दंडाएवढी जाड. एक इंजिनीअर क्युबाहून येताना तिला पिल्लू असताना घेऊन आला होता. बायकोने घरात घेऊ दिलं नाही, म्हणून ती अलोइस व्रबेल यांच्याकडे आली. व्रबेल माझ्या शेजारच्या दाराचे, ऑस्त्रावाच्या खाणीत आयुष्य घालवलेले, छातीत कोळशाची धूळ भरलेले. बायको वारल्यावर बोलायला एवढीच उरली होती. "ही मध्ये बोलत नाही," असं ते म्हणत.

आमच्या इमारतीत पिवळट, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या मुंग्या आहेत. गरम पाण्याच्या पाइपांबरोबर त्या भिंतीतून घराघरांत फिरतात. उबेला जातात, आणि व्रबेलांच्या काचेच्या पेटीइतकी ऊब इमारतीत दुसरीकडे नव्हती. कात टाकण्याच्या दिवसांत झोफ्काचे डोळे दुधाळ होत, तेव्हा मुंग्या तिच्या डोळ्यांच्या कडेला आणि खवल्यांच्या फटींत शिरत. व्रबेल ओल्या कापडाने त्या टिपत बसत. पेटीच्या टेबलाचे पाय त्यांनी सार्डिन माशांच्या रिकाम्या डब्यांत उभे केले होते, डब्यांत तेल. मग मुंग्या छतावरून उतरू लागल्या.

ऑगस्टमध्ये घरसमितीच्या प्रमुख शेबेस्तोवा यांनी औषध घालणाऱ्याला बोलवायचं ठरवलं. शुक्रवारी दुपारी.

"कॉम्रेड, शुक्रवार नको," व्रबेल म्हणाले. "एकाच दिवशी सगळ्या घरांत औषध पडलं पाहिजे. शुक्रवारी दुपारी इथे असतं कोण? सगळे सुट्टीला आपापल्या रानातल्या झोपडीवर, मशरूम वेचायला."

"लोक किल्ल्या ठेवून जातील."

"आपल्याकडचे लोक? किल्ली? बायको ठेवून जातील एक वेळ!"

सगळे हसले आणि शुक्रवारच ठरला. त्या दिवशी बारा वाजल्यापासून टोपल्या, कुत्री, लोणच्याच्या बरण्या गाड्यांत भरल्या गेल्या. किल्ली कुणीही ठेवली नाही. औषधवाल्याने उघडी होती तेवढ्या घरांत फवारलं आणि तो गेला. शेबेस्तोवाबाईंच्या दारालाही कुलूप होतं. पर्समध्ये किल्ली, पर्स झोपडीवर. फवारलेल्या घरांतल्या मुंग्या बंद घरांत मुक्कामाला गेल्या आणि सप्टेंबर संपायच्या आत दुपटीने परत आल्या.

मग तळघरात, कपडे वाळवायच्या खोलीत, बैठक झाली. ओल्या चादरींच्या मध्ये बाकं मांडली होती.

"मुंग्यांचं मूळ सगळ्यांना माहीत आहे," शेबेस्तोवाबाई म्हणाल्या. "उंदीर खाणारं जनावर घरात ठेवल्यावर आणखी काय होणार?"

"मूळ पाइपात आहे," व्रबेल म्हणाले. पुढचं खोकल्यात गेलं.

मी उठले. म्हटलं, "त्या शुक्रवारी तुमचंही घर बंद होतं, कॉम्रेड."

"अहो शेजारीणबाई, तुम्ही तर नन्सच्या शाळेत बायबल शिकलेल्या! आणि सापाची बाजू घेता?"

पुन्हा हशा. त्यात हात वर झाले. ज्यांच्या दारांना कुलपं होती त्यांचे आधी. साप हलवा, नाहीतर घर सोडा. व्रबेल यांना दुसरं घर कोण देणार होतं?

आज त्यांनी झोफ्काला बायकोने भरतकाम केलेल्या उशीच्या अभ्र्यात घातलं. ओपावाच्या माणसाने अभ्रा कोटाच्या आत, पोटाशी धरला.

"खाते ना नीट?"

"खाते. उंदीर कोमट करून द्या. आणि मुंग्या..."

"आमच्याकडे मुंग्या नाहीत हो."

"तुमच्याकडे नसतीलच," व्रबेल म्हणाले आणि दार लावून घेतलं.

पाच वाजता शेबेस्तोवाबाई माझ्या दारात. हातात खसखशीच्या पावांची परात. मला वाटलं, समेट करायला आल्या. परात पुढे केली तर खसखस चालत होती.

"ते व्रबेल टेबलाखाली डबे ठेवायचे ना? तेल किती घालायचे, तुम्हाला माहीत असेल."

"शेजारीच राहतात. विचारा की त्यांना."

बाईंनी व्रबेलांच्या दाराकडे पाहिलं आणि परात घेऊन जिना उतरल्या.

त्या गेल्यावर व्रबेल यांचं दार उघडलं. चारही डबे त्यांनी धुऊन, पुसून आणले होते. "शेजारीणबाई, तुम्हीच ठेवा हे," एवढंच म्हणाले. आत बोलावलं तर आले नाहीत.

रात्री: साखरेच्या कपाटाच्या चार पायांखाली चार डबे ठेवले. तेल सूर्यफुलाचं, प्रत्येकी दोन चमचे.